‘दादा, रिव्हाइव्ह दे!’ व्हिडिओ गेममुळं भावंडांची आणि मित्रांची टोळी कशी जमते?

पाबळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक मस्तानीची समाधी आणि दुसरी म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. याच आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब उभी राहिली. त्यामुळं मशीनभोवती जमलेली पोरं हे चित्र पाबळला काही नवं नाही.

पण शिरूर तालुक्यातलं हे गाव घ्या नाहीतर राज्यातलं कुठलंही, आणखी एक टोळकं हमखास दिसतं. चार पोरं, चार मोबाईल, माना खाली. मधूनच कुणीतरी ओरडतं, “दादा, रिव्हाइव्ह दे!”

घरच्यांना वाटतं, ही एकमेकांशी बोलतच नाहीत. खरं तर त्यांचं बोलणंच चालू असतं.

सुरुवात झाली कॅसेटपासून

टीव्हीला जोडायचा गेम, पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये दोघांनी आळीपाळीनं खेळायचं. थोरला मारिओ, धाकटा लुईजी. थोरला मरेपर्यंत धाकट्यानं नुसतं बघत बसायचं.

कोनामी कंपनीच्या कॉन्ट्रामध्ये मात्र दोघं एकाच वेळी खेळायचे. त्यातली धबधब्याची लेव्हल आठवते का? वर चढत जायचं आणि स्क्रीनही वर सरकायची. खाली राहिला तो मेला. म्हणजे दादा एकटाच पुढं पळाला की धाकट्याचा जीव जायचा. जिंकायचं तर थांबावं लागायचं.

मग आला स्क्वॉड

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला. शंभर खेळाडू मैदानात उतरणार आणि शेवटी उरेल तो जिंकणार. पण स्क्वॉड मोडमध्ये चौघांची टीम असते.

गोळी लागून गडी ‘नॉक’ झाला तरी लगेच मरत नाही. जोडीदारानं जवळ जाऊन काही सेकंद थांबलं, तर तो पुन्हा उठतो. त्या काही सेकंदांत वाचवणाराही मरू शकतो. तरी तो येतो का, हे टोळीतल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतं.

शिवाय कॉलेजसाठी पुण्याला गेलेला भाऊ, गावात राहिलेला मित्र आणि मामाच्या गावची भावंडं रात्री माईकवर एकत्र येतात. गेम चालू असतानाच अभ्यास, नोकरी, भांडणं असे सगळे विषय निघतात.

बंदी आली तेव्हा

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात बऱ्याच पोरांनी दुसरे गेम धरले. गेम बदलला तरी व्हॉट्सॲप ग्रुप तेच राहिले.

धोका कुठं आहे?

एक, पैसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता आहे. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दोन, ताबा सुटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं ही त्याची लक्षणं. साधारण वर्षभर असं चाललं तरच ते निदान होतं. त्यामुळं रोज तासभर खेळणाऱ्या पोराला लगेच व्यसनी ठरवू नका.

तीन, टोळीत कोण नाही? घरात मोबाईल एकच असेल तर तो बहुतेक वेळा भावाच्या हातात जातो. बहीण मागं बसून बघते, अगदी लुईजीसारखी.

म्हणून घरच्यांनी “किती वेळ खेळतोस?” एवढंच विचारून थांबू नये. “कुणाबरोबर खेळतोस?” हेही विचारावं. आणि स्क्वॉडमधली चौथी जागा रिकामी असेल, तर दादानं शेजारी बसलेल्या बहिणीकडंही एकदा बघावं.