कोकणचे उन्हाळे: हे पाणी तापते तरी कुठे?

राजापूरजवळ उन्हाळे नावाचे गाव आहे, पालीजवळ उन्हेरे आहे आणि दापोली तालुक्यात उन्हवरे. या तिन्ही नावांचा ऋतूशी काही संबंध नाही. संस्कृतातल्या ‘उष्ण’चे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि मराठीत त्याचे ‘ऊन’. आजही जुन्या घरांतून ‘ऊन पाणी’ म्हटले की तापलेले पाणीच अभिप्रेत असते. जमिनीतून असे पाणी आपोआप वर येते त्या जागेला कोकणी माणूस उन्हाळे म्हणतो. ही नावे प्रथम कोणी दिली ते सांगता येणार नाही. नोंद मात्र पक्की आहे.

आजचा धागा या पाण्यांविषयी. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे तीनशे किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात अशी अठराएक ठिकाणे आहेत: गणेशपुरी, अकलोली, सातिवली, उन्हेरे, महाडजवळचे सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूर. एकेका ठिकाणी अनेक झरे, म्हणून एकूण संख्या साठाच्या घरात जाते. काहींचे पाणी जेमतेम कोमट असते, तर उन्हवऱ्याचे सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास. तिथे कुंडात उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

कुंडावर उभे राहून कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘खाली गंधक आहे, म्हणून पाणी गरम.’ थोडे वाचलेला माणूस ज्वालामुखीचे नाव घेतो. इतिहासाच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली जाते: दावा कितीही जुना असो, त्याला पुरावा विचारायचा. तोच प्रश्न इथेही विचारू.

प्रथम गंधक. पाण्यात विरघळलेले गंधकाचे क्षार पाणी तापवत नाहीत. काही कुंडांवर जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, आणि हा वायू इतका अल्प असला तरी नाकाला कळतो की वासावरून प्रमाणाचा अंदाज बांधणे व्यर्थ. वास हा खोलवरच्या प्रवासाचा परिणाम आहे. उष्णतेचे कारण नव्हे.

ज्वालामुखीचा दावा अधिक मोहक आहे, कारण सह्याद्रीचा काळा पाषाण खरोखरच लाव्ह्याचा आहे. पण तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याची ऊब आजवर टिकणे शक्य नाही आणि कोकणात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही.

मग उष्णता येते कुठून? आपण जसजसे जमिनीत खोल जाऊ तसतसे तापमान वाढत जाते. जगभरची सरासरी पाहिली तर दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश. कोकणात काही ठिकाणी हा दर त्याहून अधिक आढळला आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली गेले तरी ते कढत होण्यास पुरेसे आहे. आणि कोकणात पावसाला तोटा नाही. पाण्यातल्या हायड्रोजन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांची तपासणी केल्यावर हे पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसून आले. परतीची वाटही भेगांचीच. पश्चिम किनाऱ्याला समांतर भ्रंशरेषा आहेत, दगडात उभ्या घुसलेल्या भित्ती आहेत. त्यांच्या कडेने तापलेले, म्हणून हलके झालेले पाणी झपाट्याने वर येते. झरे बहुधा नदीकाठी का सापडतात, याचेही उत्तर यातच आहे. अकलोली-गणेशपुरीला तानसा, सवला सावित्री, राजापूरला अर्जुना. नद्यांनी तीच कमकुवत, सखल जागा धरलेली असते.

इथवरचे पुष्कळांना ठाऊक असेल. मला खरे विलक्षण वाटते ते यापुढचे.

कोकणातल्या साध्या विहिरीचे पाणी तपासले तर त्यात प्रामुख्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सापडतात. काळ्या पाषाणाची ही ओळख. उन्हाळ्यांचे पाणी त्याच पाषाणातून बाहेर पडते, परंतु बहुतेक ठिकाणी ते सोडियम-कॅल्शियम-क्लोराइड जातीचे असते, चवीला मचूळ, आणि मॅग्नेशियम त्यात नगण्य. म्हणजे पाणी ज्या दगडातून डोकावते, त्याची ओळख त्याच्या अंगावर नाही! कुंडात उठणारे बुडबुडे तपासले तेव्हा त्यांत मुख्यतः नायट्रोजन आणि सोबत हेलियम सापडला. हेलियम हा युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गी क्षयातून तयार होतो आणि ही मूलद्रव्ये ग्रॅनाइटात बेसाल्टपेक्षा पुष्कळ अधिक असतात. लाव्ह्याच्या थरांखाली दडलेला, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी पाया उत्तर कोकणात कोणी डोळ्यांनी पाहू शकत नाही. हे पाणी मात्र तिथे जाऊन आलेले आहे. त्यात विरघळलेल्या सिलिकेवरून खोलवरचे तापमान काढता येते, आणि असे काही अंदाज शंभर अंशांच्या पुढे जातात.

क्लोराइड मात्र वादाचे राहिले. काहींनी ते समुद्राच्या पाण्याच्या मिश्रणाने आले असे मानले, काहींनी ते खडकातूनच सुटले असे. खाडीजवळच्या झऱ्यांबाबत पहिले मत एकदम झटकून टाकण्यासारखे नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण हेलियमची साक्ष तिकडे झुकते.

आता थोडे आपल्या विषयाकडे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मोहिमेच्या काळात त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि यशानंतर देवीचे किल्ल्यासारखे मंदिर उभे राहिले, ही परंपरा प्रसिद्ध आहे. परिसरातली ऊन कुंडे त्या देवीच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. राजवाडीला कुंडाशेजारी सोमेश्वर आहे. देवस्थानांनी या झऱ्यांना अभय दिले असे म्हणायला हरकत नाही.

मोजमाप आले ते एकोणिसाव्या शतकात. थॉमस ओल्डहॅम यांनी भारतभरच्या उष्ण झऱ्यांची यादी जमवली. १८७८ मध्ये ते वारले आणि मुलगा रिचर्ड याने ती १८८२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. हाच रिचर्ड पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडणार होता. त्याच सुमारास, १८८० ते १८८३ दरम्यान, रत्नागिरी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांचे गॅझेटियर निघाले. फॅरनहाइटमधल्या त्या जुन्या नोंदी रुक्ष वाटतात, पण एखादा झरा थंड झाला की नाही हे ठरवायला दुसरा जुना आधार नाही. तुलनेसाठी झऱ्याचे तोंड मात्र उघडे हवे. फरशी बसवून, नळ जोडून, थंड पाणी मिसळून ‘विकसित’ केलेल्या कुंडात तापमापक बुडवला तर आकडा फरशीकामाचा येतो, झऱ्याचा नव्हे. शेजारी खोल कूपनलिका पडली आणि तिने तीच भेग गाठली, तर दाब तिकडे वळतो.

शेवटी पुन्हा राजापूर. इथे लाव्ह्याचा थर पातळ होत जातो आणि जुने खडक जवळ येतात. इथल्या ऊन पाण्यात क्षार बरेच कमी, क्लोराइडचा जोर नाही, बायकार्बोनेट अधिक. उत्तरेकडच्या भाऊबंदांहून हे पाणी वेगळ्याच जातीचे. आणि त्याच गावात, थोडे वर चढून गेले की चौदा कुंडांची राजापूरची गंगा आहे. तिचे पाणी थंड. ती बारमाही नाही. अवचित प्रकटते आणि काही काळाने लोपते. भूगर्भातल्या वाकड्या नळीसारख्या पोकळ्या भरल्या की पाणी एकदम उसळते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. यात्रा भरते ती या थंड पाण्यासाठी; गावाचे नाव मात्र खालच्या, वर्षभर निमूट वाहणाऱ्या ऊन पाण्यावरून पडले आहे.