शेतातून गाळ्यात, गाळ्यातून विमानतळावर : कामोठ्याच्या पोटापाण्याची गोष्ट

सकाळी आठला मानसरोवर स्टेशनवर उभं राहिलं की वाटतं, कामोठे हे पहिल्यापासून नोकरदारांचंच गाव असावं. पण मंडळी, दोन पिढ्यांपूर्वी चित्र वेगळं होतं. खारजमिनीत भात, खाडीत मासेमारी आणि पनवेल-उरण पट्ट्यात मिठागरं, यावर आगरी-कोळी घरं चालायची. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, म्हणून बांधाची राखण अख्ख्या गावाची असायची.

17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. मोबदला मिळणार होता, पण तो एकदाच. शेत दरवर्षी पिकतं. हा हिशोब लोकांना कळला होता, म्हणूनच दि. बा. पाटील यांच्या मागे सगळे उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, 5 शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले.

1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. वाटलं, आता पोरांना कामं मिळणार. मिळालीही. पण हे बंदर कंटेनरचं. जुन्या मुंबई गोदीत पाठीवर गोणी वाहणारे हजारो हात लागायचे, इथे ते काम क्रेन करते. बरीचशी कामं मग ट्रेलर, गोदामं आणि कंटेनर यार्डात निघाली, तीही ठेकेदारामार्फत. तळोजा एमआयडीसी आणि कळंबोलीचा लोखंड बाजार यांनी थोडा आधार दिला.

दरम्यान लोकल पनवेलपर्यंत आली. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती चढल्या, सातारा-सांगलीकडची, कोकणातली कुटुंबं राहायला आली. शेतकरी घरमालक झाला. कुणी बिल्डिंग मटेरियल पुरवू लागला, कुणी गाळे भाड्याने दिले. पैसा आला, यात वाद नाही. पण भाड्यावर एक पिढी निघते. भावाभावांत वाटण्या झाल्या की गाळा तेवढाच राहतो, खाणारी तोंडं वाढतात.

आता विमानतळ आलाय. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडाली. इथे विमानदुरुस्ती, कार्गो, सुरक्षा, हॉटेल अशी नाना तऱ्हेची कामं निघतील. त्यातली बरीच प्रशिक्षणाशिवाय मिळत नाहीत.

1970 मध्ये आपल्याकडे जमीन होती, म्हणून बोलणी करता आली. आज ती नाही. आज आपल्या हातात आहे ते पोरांचं शिक्षण. म्हणून नुसतं "भूमिपुत्रांना प्राधान्य द्या" म्हणून भागणार नाही. कोणत्या कामाला कोणता कोर्स लागतो, तो पनवेल तालुक्यात कुठे शिकवतात, भरती कायम की कंत्राटी, हे आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा आणि लेखी मागा.

नाहीतर विमानतळ आपल्या दारात असेल, आणि आपली पोरं गेटबाहेर गाडी लावून भाड्याची वाट बघत असतील.