मोड की डाक? लष्करच्या सराफ्यातला जुना हिशेब



"मोडीत काढणं" हे आपण आज फ्रिजपासून सोफ्यापर्यंत कशालाही म्हणतो. पण लष्करच्या सराफ्यात वाढलेल्या माणसाला ‘मोड’ म्हटलं की आधी काटा दिसतो. मोड म्हणजे वितळवायला दिलेला जुना दागिना. त्यात सोन्याचं वजन परत मिळतं, घडणावळ मात्र बुडते. दुसरा रस्ता डाकेचा: तुटलेली कडी सांधून घ्यायची आणि दागिना वापरत राहायचा.

1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. पुढे छावणीचं शहर झालं, नाव मात्र लष्करच राहिलं. फौजेमागे सराफ आले, कारकून आले, भटजी आले, आपले पणजोबा-खापरपणजोबा आले. बाड्याला लागून सराफा वसला. मोड की डाक, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरून कधी ना कधी त्या पेढ्यांवर गेलेला आहे.

आमच्या आजीचा नियम साधा होता. "एकदा डाक चालेल, दोनदा चालेल, तिसऱ्यांदा आणलात तर मोडा." त्याला कारण होतं. डाकेचं सोनं मूळ सोन्यापेक्षा हलकं असतं, नाहीतर सांधताना दागिनाच वितळेल. म्हणून जितके डाक जास्त, तितका कस खाली. चार ठिकाणी सांधलेली बांगडी अखेर मोडीत गेली, की काट्यावर वजन भरतं पण पैसे कमी येतात. उलट, दागिना चोख असेल आणि नुसती फिरकी झिजली असेल, तर तो मोडणं म्हणजे घडणावळ पाण्यात घालणं. 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, 14 कॅरेटपेक्षा चोख नवा दागिना घडवायला बंदी झाली. तेव्हा, आजी म्हणायची, जुन्या पाटल्यांची किंमत घरातल्या सुनांना कळली.

हाच प्रश्न आपल्या शहराला रुळांवरही पडला. माधव महाराजांच्या काळात 1899 पासून छोटी गाडी सुरू झाली. दोन रुळांत अंतर अवघं 2 फूट. एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला, आणि श्योपूरचा सर्वांत लांब, जवळपास 200 किलोमीटर. शहराच्या मधून, घोसीपुऱ्यावरून हलत-डुलत जाणारी ती गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी टपावर बसूनही प्रवास केला असेल. तिला शंभर वर्षं डाक देऊन चालवलं. पण 2 फुटी रूळ देशात जवळजवळ संपले, तेव्हा तिच्या डब्यांचे आणि इंजिनांचे भाग दुसरीकडून आणायची सोय उरली नाही. मार्च 2020 मध्ये श्योपूरची गाडी थांबली ती कायमचीच, आणि त्या मार्गावर ब्रॉडगेजचं काम आलं. वाईट वाटलं, पण हिशेब चुकीचा नव्हता. ज्याचा कारागीरच उरला नाही, त्याला डाक देणार कोण?

हे सगळं आठवायचं कारण आमची 2013 सालची हायब्रिड मोटार. बाबा 81 वर्षांचे, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. त्यांना नेणारी-आणणारी गाडी हीच. मागच्या उन्हाळ्यात मीटरवर लाल खूण आली. मोठी बॅटरी थकली होती.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी असते, निकेल-मेटल हायड्राइड जातीची, 34 भाग एकाला एक जोडलेले. सराफ्यासारख्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं सरकते तेव्हा पेट्रोल बंद असतं, काम बॅटरी करते. इंजिन सुरू करायचं कामही तिचंच. म्हणजे ती बसली, की टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बाबांना घेऊन हुजरात पुलावर अडकलो तर?

घरात तीन मतं पडली. एका मेकॅनिकनं सांगितलं, खराब झालेले दोन-तीन भागच बदला, स्वस्तात होईल. पुण्याचा मुलगा म्हणाला, आई, विकून टाक. यजमान म्हणाले, मेळा येतोय, सूट मिळेल, नवी घेऊ.

मेळ्याचं आधी बघितलं. 1905 पासूनचा आपला मेळा, पूर्वी जनावरांचा, आता गाड्यांचा. तिथे ज्या वर्षी सवलत जाहीर होते, त्या वर्षी निम्मी सूट मिळते ती परिवहन कराची, गाडीच्या किमतीची नव्हे. कागदावर मांडलं तेव्हा यजमानच गप्प झाले.

दोन-तीन भाग बदलणं म्हणजे बांगडीचा डाक. नवे भाग जोमदार, शेजारचे 31 तितकेच म्हातारे. ते एकेक करून बसत जाणार, आणि दर वेळी गाडी चार दिवस गॅरेजात. डायलिसिस चार दिवस थांबत नाही.

मग सोनं तपासलं. इंजिन, गिअर, पत्रा, ब्रेक, सगळं वेगळ्या गॅरेजात दाखवलं. चोख निघालं. पूर्ण नवी बॅटरी अजून मिळते, बसवणारे हात ग्वाल्हेरात आहेत. खर्च लाखांत, पण नव्या गाडीपुढे थोडका. नोंदणीची 15 वर्षं 2028 ला भरतील. तपासणीत पास झाली तर फी भरून आणखी 5 वर्षं मिळतात.

आम्ही पूर्ण बॅटरी बदलली. सोबत बॅटरीच्या पंख्याची जाळीही साफ करून घेतली. मागच्या सीटजवळची ती जाळी आपल्याकडच्या धुळीनं बुजते, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की बॅटरी आतल्या आत भाजते. ज्यांच्याकडे हायब्रिड आहे त्यांनी एवढं तरी या आठवड्यात बघून घ्या.

बाबांना सगळा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, "इंजिन बसलं की मग मात्र मोड. तेव्हा माझं नाव पुढे करून ठेवू नका."

तुमच्या घरी छोट्या गाडीचे जुने फोटो असतील तर जरूर टाका. आणि आजीच्या पाटल्या मोडल्या की ठेवल्या, तेही लिहा.