मॅट्रिक म्हणजे किती शिकलेला?

गेल्या हिवाळ्यात मआमीरमधल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दुरुस्तीला दिली होती. तिथला वेल्डर सांगोल्याकडचा निघाला. मराठी ऐकून हातातलं काम ठेवून बोलायला आला. धाकट्या भावाला इकडे आणायचं त्याचं चाललं होतं आणि एजंटाने विचारलं होतं, "भाऊ मॅट्रिक आहे का?" तो मला म्हणाला, "दादा, भाऊ दहावी पास आहे. मॅट्रिक त्याहून वेगळं असतं का?"

हसण्यासारखा प्रश्न नव्हता. महाराष्ट्रात दहावी झालेल्या कुणाच्याही प्रमाणपत्रावर 'मॅट्रिक' हा शब्द सापडणार नाही. तिथे 'माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र' असं लिहिलेलं असतं.

लॅटिनमध्ये 'मॅट्रिक्युला' म्हणजे नोंदवही. विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं ते मॅट्रिक्युलेशन. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. म्हणजे मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची खूण नव्हती. ती कॉलेजात शिरायची परीक्षा होती, आणि घेणारं होतं विद्यापीठ.

पण कॉलेजात जाणारे थोडे आणि नोकरी शोधणारे फार. सरकारी कचेऱ्यांना, रेल्वेला, पेढ्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येणारा कारकून हवा होता, आणि मॅट्रिक झालेला म्हणजे तेवढं येणारा. त्यामुळे प्रवेश परीक्षेचीच पदवी झाली. 'मॅट्रिक' आणि 'नॉन-मॅट्रिक' असे माणसांचे दोन वर्ग पडले. लग्नाच्या बोलण्यातही ते चालत. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. आज दहावीच्या निकालाला पेढे वाटतात. ती सभा पेढ्यांची नव्हती. ज्या समाजाला शाळेत वेगळं बसवलं जाई, त्यातल्या एका मुलाचं नाव विद्यापीठाच्या वहीत चढलं होतं.

याच काळात दुसरी एक परीक्षा होती, 'व्हर्नाक्युलर फायनल'. मराठी सातवीच्या शेवटी होणारी. जुन्या कागदांवर नावापुढे 'व्ह. फा.' असं दिसलं तर ती हीच. ती झाली की प्राथमिक शिक्षक होता येई, तलाठी होता येई. गावात मान मोठा. पण व्ह. फा. म्हणजे मॅट्रिक नव्हे. घरोघरी आजोबांबद्दल बोलताना ही गल्लत होते. (लॅटिनमधला 'व्हर्ना' म्हणजे घरात जन्मलेला गुलाम, त्यावरून व्हर्नाक्युलर. आपल्या भाषेला हे नाव कुणी दिलं, ते सांगायला नको.)

स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाकडून गेली. १९४८च्या कायद्याने मुंबई प्रांतात एस.एस.सी. बोर्ड आलं आणि १९४९पासून एस.एस.सी. सुरू झाली. तीही अकरावीलाच. लोक मात्र तिला मॅट्रिकच म्हणत राहिले. पुढे १०+२+३चा आकृतिबंध आला, आणि १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची व नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी बाहेर पडली. त्या वर्षी कॉलेज प्रवेशासाठी झालेली धावपळ आठवणारे या अंकाच्या वाचकांतही असतील. तेव्हा कुणी 'मी मॅट्रिक' म्हणालं तर आधी साल विचारावं. अकरा वर्षं शिकलेला आणि दहा वर्षं शिकलेला, दोघेही त्या एका शब्दात बसतात.

आता आपल्या बेटाकडे या. १९३२ साली इथे तेल लागलं. पुढे मआमीरला लागूनच बाप्कोची रिफायनरी उभी राहिली आणि हिंदुस्थानातून कारकून व कारागीर येऊ लागले. १९६५पर्यंत इथे व्यवहारही रुपयातच होता. ती परीक्षा गेली, तो रुपया गेला, पण शब्द एका जागी टिकला: आपल्या पासपोर्टात. भारताचा १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. मॅट्रिक नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर 'ई.सी.आर.' अशी नोंद होते, आणि बहरीनसारख्या ठरावीक देशांत नोकरीला निघताना त्याला सरकारची परवानगी काढावी लागते. हेतू संरक्षणाचा आहे. कमी शिकलेल्याचा करार कुणीतरी तपासावा, त्याचा विमा असावा, हे मला योग्यच वाटतं. पण संरक्षणाचा शिक्का व्हायला वेळ लागत नाही. जानेवारी २०१८मध्ये अशा पासपोर्टांना नारिंगी रंगाचं कव्हर द्यायचं सरकारने जाहीर केलं होतं. शाळा सुटलेली, हे विमानतळावर लांबूनच दिसलं असतं! ओरड झाली आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला गेला.

वेल्डरला मी सांगितलं, भावाची दहावी म्हणजेच मॅट्रिक. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र दाखव, नोंद होणार नाही. मग सहज विचारलं, "तुझं काय?" तो आठवीतून शाळा सोडलेला. इथे येऊन अकरा वर्षं झालेली, आणि पासपोर्टवर अजून ई.सी.आर. परदेशात मिळून तीन वर्षांहून जास्त राहिलेल्याची ही नोंद काढता येते, मग तो कितीही शिकलेला असो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुरावा म्हणून जुन्या पासपोर्टांवरचे व्हिसा आणि येण्याजाण्याचे शिक्के लागतात. त्याचा पहिला पासपोर्ट गावी आईच्या ट्रंकेत आहे. फेब्रुवारीत नूतनीकरण आहे. भाऊ येताना तो घेऊन येणार आहे.