एकसंध लाकडाचे धनुष्य : मुरलेल्या दांड्यापासून प्रत्यंचेपर्यंत

लाकडाच्या एकाच तुकड्यातून, त्याला दुसरे लाकूड, शिंग अथवा प्राण्यांचे स्नायुतंतू न चिकटवता घडवलेल्या धनुष्याला एकसंध धनुष्य म्हणता येईल. दिसायला ती एक वाकवलेली काठी असते. परंतु प्रत्येक वाकणारी काठी धनुष्य होत नाही. हे धनुष्य घडवताना लाकूड केवळ काढले जाते. काढलेले परत लावता येत नाही. त्यामुळे वर्षभर मुरवलेला दांडा एका दुपारच्या घाईने वाया जाऊ शकतो. शिवाय पूर्ण ओढलेले धनुष्य तुटल्यास त्याचे तुकडे धनुर्धराला इजा करू शकतात. या कलेचे बहुतेक नियम या दोन वस्तुस्थितींतून आले आहेत.

प्राचीन परंपरा

डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथील दलदलीत १९४४ साली सापडलेली एल्म वृक्षाच्या लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची मानली जातात. इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील आल्प्समध्ये १९९१ साली हिमात गोठलेला जो 'ओत्झी' नावाचा मानव सापडला, त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे सुमारे १.८ मीटर लांबीचे धनुष्य होते. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे हे धनुष्य अपुरे राहिलेले असून त्यावरील तासणीचे घाव आजही दिसतात. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांतून यूची शंभराहून अधिक सुस्थितीतील धनुष्ये हाती आली.

आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. भिल्लांचे धनुष्य बांबूचे असते व त्याची दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची असते. सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या धामण वृक्षाचे लाकूड लवचीक व चिवट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या 'धन्वन' या संस्कृत नावातच धनुष्य दडलेले आहे.

दांड्याची निवड

उत्तम दांडा सरळ वाढलेल्या, गाठी नसलेल्या खोडातून, करवतीने न कापता पाचरी ठोकून फोडलेला असावा. फोडलेले लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेने उकलते. करवत मात्र तंतू तिरके कापत जाते. अमेरिकेतील कारागीर हिकरी, अॅश, एल्म आणि ओसेज ऑरेंज ही लाकडे पसंत करतात. यांपैकी ओसेज ऑरेंज हा तुती व फणसाच्या कुळातील वृक्ष. तेथे गेलेल्या फ्रेंचांनी त्याला 'धनुष्याचे लाकूड' याच अर्थाचे नाव दिले होते. आपल्याकडे दांडा वखारीतून घ्यावा. परवानगीवाचून रानातील झाड तोडू नये.

ओल्या लाकडाचे धनुष्य वाकते, पण परत सरळ होत नाही. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना मेण, गोंद किंवा रंग लावून तो सावलीत, हवेशीर जागी मुरू द्यावा. टोके मोकळी ठेवल्यास तेथून पाणी लवकर निघून जाते आणि उभ्या चिरा पडतात. लाकूड मुरले की नाही, हे ओळखण्यासाठी तराजू पुरेसा आहे. दर आठवड्याला वजन करावे व ते सलग काही आठवडे घटले नाही, की दांडा भोवतालच्या हवेशी समतोल झाला असे समजावे. लाकडातील पाण्याचे प्रमाण ८ ते १० टक्के असणे धनुष्यास मानवते. मुंबई-कोकणातील पावसाळी हवेत लाकूड पुन्हा ओल धरते. त्यामुळे तेथे हे काम कोरड्या ऋतूतच हाती घ्यावे.

पाठ आणि पोट

धनुष्याची लक्ष्याकडील बाजू म्हणजे पाठ आणि धनुर्धराकडील बाजू म्हणजे पोट. धनुष्य ओढताच पाठीवरचे तंतू ताणले जातात, तर पोटावरचे दाबले जातात. ताणलेल्या पाठीवर एखादा तंतू मध्येच कापलेला असेल, तर त्याचे मोकळे टोक उचकटते आणि भंग तेथूनच सुरू होतो. म्हणून पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढीच्या एकाच वलयाची असावी, हा पहिला नियम होय.

हिकरी, अॅश वा एल्म यांत हे काम सोपे असते. साल अलगद काढली की खालचे अखंड वलय हीच पाठ. ओसेज ऑरेंजमध्ये मात्र बाहेरचे फिकट रसकाष्ठ काढून आतील मध्यकाष्ठातील एक जाड वलय निवडतात. त्यावरील वलये दोन्ही हातांनी ओढण्याच्या दुमुठी सुरीने हलके हलके सोलावी लागतात. गाठ आल्यास तिच्याभोवती वलयाचा उंचवटा तसाच राखावा. तो सपाट करण्याचा मोह टाळावा.

आकार

धनुष्याची लांबी ठरवण्याचा एक सुरक्षित संकेत असा, की बाण जितका मागे ओढायचा त्याच्या दुपटीत १० ते १२ इंच मिळवावेत. २८ इंच ओढ असणाऱ्यास ६६ ते ६८ इंचांचे धनुष्य हवे. मधोमध ४ इंचांची न वाकणारी मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचा उतार ठेवावा. तेथून बाहूंची रुंदी निम्म्या अंतरापर्यंत दीड ते पावणेदोन इंच असावी व पुढे ती निमुळती होत टोकाशी सुमारे अर्धा इंच उरावी. मध्यरेषा मात्र पट्टीने न आखता तंतूंच्या वळणाने आखावी. दांडा शेगड्यात पकडून, कुऱ्हाडीने किंवा वाकसाने जादा लाकूड उतरवावे आणि बाहूंची जाडी प्रारंभी पाऊण इंचाच्या आसपास राखावी. यापुढे पाठीला हत्यार लावू नये. सारे लाकूड पोटाच्या बाजूनेच काढावे.

वाक साधणे

दोन्ही बाहू सारखे आणि सलग वाकतील असे करणे, हा या कलेचा गाभा आहे. येथे गणित ध्यानात घ्यावे. बाहूचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणूनच या टप्प्यावर कुऱ्हाड बाजूला ठेवून कानस घ्यावी व अखेरीस पोलादी पत्र्याची खरवडणी.

प्रथम एक टोक जमिनीवर टेकवून, मुठीवर हलका दाब देत प्रत्येक बाहू किती वाकतो ते पाहावे. दोन्ही बाहू थोडे वाकू लागले, की टोकांना गोल कानशीने खाचा पाडून सैल, लांब दोरी चढवावी. मग धनुष्य भिंतीवरील आधारावर मुठीशी टेकवून दोरी कप्पीवरून खाली ओढावी आणि दूर उभे राहून वाक न्याहाळावा. जेथे लाकूड ताठ राहते, तेथे पेन्सिलीने खूण करून तेवढेच खरवडावे. जेथे ते अधिक वाकते, त्या जागेला स्पर्श करू नये. तिच्या आजूबाजूचे लाकूड कमी करून तिला विश्रांती द्यावी. प्रत्येक खरवडीनंतर धनुष्य २० ते ३० वेळा अल्प ओढावे, कारण लाकूड केलेला बदल लगेच दाखवत नाही.

दोष दिसताच ओढणे थांबवावे आणि तो काढल्यावाचून पुढे जाऊ नये. तसेच ठरवलेल्या भारापलीकडे धनुष्य कधीही ओढू नये. पहिल्या धनुष्यास ३० ते ४० पौंडांचा भार पुरेसा आहे. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तर तेथील तंतू दाबाने चिरडले असे समजावे. पाठीवर कुसळ उचकटलेले दिसले, तर ते धनुष्य वापरू नये.

दोन्ही बाहू सारखे वाकू लागल्यावर आखूड प्रत्यंचा चढवावी. चढवलेली दोरी मुठीपासून ५ ते ६ इंचांवर असावी. मूठ मिटून अंगठा ताठ केल्यास साधारण एवढे अंतर होते. मग ओढ एकेक इंचाने वाढवत न्यावी.

निगा

पूर्ण झालेले धनुष्य पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे. पाठीच्या कडा गोलसर कराव्यात. तीक्ष्ण कडेवरून चीर लवकर निघते. जवसाच्या तेलाचे अनेक पातळ हात दिल्यास ओल आत शिरण्याचा वेग मंदावतो. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाला मिळायची ऊर्जा तेव्हा धनुष्यालाच सोसावी लागते. नेम सुरक्षित आडोसा असलेल्या लक्ष्यावरच धरावा. वापर संपताच प्रत्यंचा उतरवावी आणि धनुष्य आडवे, उन्हापासून दूर ठेवावे. दर वेळी ओढण्यापूर्वी पाठीवरून बोट फिरवून कुसळ लागते का, ते पाहावे.