हादऱ्याची रंगीत तालीम

३० सप्टेंबर २०२४, दुपारचा १ वाजून ३७ मिनिटं. तुम्ही मेळघाटातल्या चिखलदऱ्यात आहात. पावसाळा सरत आलाय, धुकं दरीतून वर चढतंय, टपरीवर चहा सांगून झालाय. अचानक पायाखालून काहीतरी सरकतं, डोक्यावरचा पत्रा खडखडतो आणि सगळं थांबतं. शेजारच्या बाकावरचे काका उभे राहिलेत. "तुमाले जाणवलं काय?" काटकुंभ, चुर्णीकडेही जमीन हललीय. धक्का ४.२चा, म्हणजे लहानच. पण २०१८च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीकडे जमिनीतून आवाज येत होते, एकामागून एक हादरे बसत होते, ते इथं कुणी विसरलेलं नाही.

आता तारीख तीच ठेवा आणि ३१ वर्षं मागं चला. १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. कालच अनंत चतुर्दशी झाली, विसर्जनाहून परतलेलं गाव गाढ झोपेत आहे. तुम्ही माळवदाच्या घरात आहात. भिंत दोन फुटांहून जाड, वर मातीचा भक्कम थर. असं घर सुरक्षितच वाटतं, पण भिंतीच्या आत पाहा. बाहेरच्या तोंडाचे दगड वेगळे, आतल्या तोंडाचे वेगळे आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन्ही तोंडांना आरपार बांधणारा दगड कुठंच नाही. जमीन हलते तशी बाहेरची बाजू फुगून बाहेर कोसळते, आतली आत येते आणि आधार गेलेलं माळवद झोपलेल्यांवर उतरतं. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप होता ६.२च्या आसपासचा, जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यम. आणि त्या दिवशीच्या सरकारी नकाशात किल्लारी होती पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या!

१९९२मध्येही किल्लारीत लहान धक्के बसून गेले होते. पण तेवढ्यावरून मेळघाटातल्या धक्क्यांमागून मोठा भूकंप येणारच, असं म्हणायला आधार नाही. बहुतेक वेळा अशा मालिका आपोआप विरतात. पण भूकंपाची तारीख कुणाला सांगता येत नसली, तरी घर किती सोसेल हे भूकंपाआधी पाहता येतं. ते कसं पाहतात, हे बघायला रुरकीला चला.

१९६० साली जय कृष्ण यांनी रुरकी विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचं केंद्र सुरू केलं. तुम्ही पोचता ते नव्वदच्या दशकात, किल्लारीनंतर. समोर रेल्वेचे रूळ आहेत, थोड्याच लांबीचे. रुळांवर एक सपाट वाघीण आणि तिच्यावर एका खोलीचं दगडी घर, दार-खिडकी-छतासकट. दोन्ही टोकांना वजन भरलेल्या वाघिणी. विंचनं त्यांतली एक मागं ओढतात आणि सोडतात. धडक बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी तिरपी चीर उमटते. पुन्हा ओढतात, आणखी लांबून. आता दोन भिंती जिथं मिळतात तो कोपरा उघडतो, दगडांची बाहेरची बाजू फुगते. हे तुम्ही किल्लारीत अंधारात पाहिलंय. इथं उजेडात, वह्या-पेन्सिली घेतलेल्या माणसांसोबत, पुन्हा पाहताय.

मग दुसरं घर येतं. दगड तसेच, पण थराथरात भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेत, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या आहेत. धडका बसतात. चिरा इथंही पडतात, पण कोपरे सुटत नाहीत, छत जागेवर राहतं. घर पुढं राहण्यालायक नसेल कदाचित, मात्र आतला माणूस बाहेर येऊ शकतो. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांचं वागणं नुसत्या गणितानं पकडणं फार अवघड. म्हणून ते असं हलवूनच पाहावं लागतं.

जपानमधल्या मिकीला धावती भेट द्या. १९९५च्या कोबे भूकंपानंतर उभारलेलं, २००५मध्ये सुरू झालेलं तिथलं शेक टेबल, म्हणजे भूकंपासारखं हलवता येणारं व्यासपीठ, २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आहे आणि १,२०० टनांची इमारत पेलतं. खाली प्रचंड हायड्रॉलिक दट्टे. त्याच वर्षी त्यावर दोन जुनी लाकडी घरं शेजारी शेजारी ठेवली, एक मजबूत केलेलं, दुसरं होतं तसं. कोबेच्या वेळी नोंदलेला हादरा दिला. होतं तसं घर कोसळलं. थक्क करणारं यंत्र आहे ते. पण मला रुरकीची वाघीण अधिक मोलाची वाटते. गवंड्यानं मातीत रचलेल्या घराचा प्रश्न तिनं प्रयोगशाळेत घेतला.

टेबलाला द्यायचा असा हादरा आधी नोंदवावा लागतो, आणि त्या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयना धरणातल्या उपकरणानं जमिनीच्या हालचालीचा आलेख काढला. त्यातला सर्वांत जोरदार झटका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता. धरणाच्या वरच्या भागात, जिथं उतार बदलतो, तिथं चिरा पडल्या. पुढं १९८०च्या सुमारास बर्कलीत धरणाच्या एका खंडाची दीडशेपट लहान प्रतिकृती शेक टेबलावर हलवली, तेव्हा तीही तिथंच, उतार बदलतो त्या मानेपाशी, तडकली. कोयनेचा तो आलेख आजही अभियंते वापरतात.

तोच घेऊन आता पुढच्या काळात या, अजून न आलेल्या एका दिवशी. शेक टेबलावर मेळघाटातली दोन घरं आहेत. एक जुन्या कोरकू वळणाचं, लाकूड-बांबूच्या सांगाड्याचं, कुडाच्या भिंती आणि वर कवेलू. दुसरं नवं, विटांचं, पट्ट्याशिवायचं. कोयनेचा हादरा सुरू होतो. हलकं कुडाचं घर डोलतं, कवेलू घसरतात, लिंपण झडतं. विटांचं घर जड आणि ताठ. त्याच्या खिडकीपासून तिरपी भेग धावते, कोपरा सुटतो.

चिखलदरा तालुक्यातून आलेला गवंडी टेबलावर चढतो, भेगेत बोट घालतो आणि अभियंत्याला विचारतो.

"आम्ही लिंटल खिडकीपुरताच टाकतो. तो चारी भिंतीवरून फिरवायचा म्हणता?"

"हो. तीन इंच जाड, आठ मिलिमीटरच्या दोन सळ्या. कोपऱ्यात सळी तोडायची नाही, वळवून पुढं न्यायची."

"मंग ठेकेदाराले पाया भरतानाच सांगा लागते. भिंत चढल्यावर नाही होत ते."