नाक कुणाचं, माप कुणाचं?

आमच्या अभ्यासवर्गाला येणारी एक पोरगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. परवा वर्ग सुटल्यावर मागं थांबली आणि म्हणली, "दादा, नाकाचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणते. पैसे साठवलेत." मी विचारलं, श्वासाचा त्रास होतो का? म्हणली, "नाही. बसकं आहे. नाकावरून लोक ओळखतात."

काय ओळखतात ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय. तिच्यासाठी, आणि तिच्यासारखा विचार मनात येऊनही कुणाला न बोलणाऱ्या पोरापोरींसाठी.

आपल्या मुलखात नाक म्हणजे अब्रू. अब्रू गेली की नाक कापलं, शरण आला की नाक घासलं. नुसतं बोलण्यात नव्हे, शिक्षा म्हणून खरोखरची नाकं कापली जायची. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. त्याच नाशकात १९३० साली काळारामाच्या दारात आपली माणसं सत्याग्रहाला उभी राहिली.

जिथं नाकं कापली जात, तिथं ती जोडणारेही असणारच. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत चित्रासकट छापलेली आहे. कावसजी मराठा, शेतकरी जातीचा, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं.

कसं बसवलं तेही दिलंय. मेणाचा पातळ पत्रा थोटकावर बेतून नाकाचा आकार घेतला. मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधला पट्टा जोडलेलाच ठेवला, म्हणजे रक्त चालू राहतं. थोटकाच्या कडा ताज्या केल्या आणि कातडी खाली वळवून त्यात बसवली. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्या. चार दिवसांनी तुपातल्या चिंध्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास वरचा जोड कापला. मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यांची नावं छापली आहेत.

करणाऱ्याचं नाव मात्र नाही! त्याची फक्त जात दिली आहे. वीट भाजणाऱ्यांच्या जातीचा.

तो आपल्यातला होता असा दावा मी करणार नाही. पण पेशवाईच्या ऐन काळात, पुण्याच्या शेजारी, माणसाला नाक परत देणारा हात मातीत राबणाऱ्याचा होता एवढं पक्कं. आज जो तो सुश्रुताचा अभिमान सांगतो. सांगा बापडे. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करायची कृती आहे, ती खरीच. पण मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न म्हणजे पू असंही लिहिलंय. हे दुसरं कुणी सांगत नाही. ग्रंथाचा मान एकाला आणि रक्ताचा विटाळ दुसऱ्याला, अशी ही वाटणी.

ही हकिकत वाचून लंडनमध्ये कार्प्यू या डॉक्टरनं १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. तिथून ही विद्या युरोपभर गेली. इथवर तुटलेलं नाक जोडायचं काम होतं. मग धडधाकट नाकाची पाळी आली.

१८९८ साली बर्लिनमध्ये जाक योसेफ या डॉक्टरनं एका तरुणाचं मोठं नाक लहान केलं. योसेफ स्वतः ज्यू. त्याच्याकडं येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ. त्यांना नाक सुंदर करायचं होतं असं नव्हे. चारचौघांत ओळखू येऊ नये, एवढंच हवं होतं. पुढं नाझी आले. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यानं ज्यू कोण हे ठरवलं ते आजा-आजीच्या धर्मावरून. नाक बघितलंच नाही! नवं नाक असलेल्यांनाही त्या कायद्यात सूट नव्हती.

आता आपल्याकडं या. इथं रिस्ले नावाचा इंग्रज अंमलदार जातीजातींची नाकं मोजत होता. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं, शंभरानं गुणायचं. १८९१ च्या सुमारास त्यानं सिद्धांत मांडला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. पुढं हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. सवर्णांना ही मोजपट्टी गोड वाटली. मनूनं सांगितलं ते आता साहेबाचं शास्त्रही सांगत होतं.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या पुस्तकात हीच मोजपट्टी हातात घेतली. डॉ. घुर्ये यांच्या पुस्तकातले नाकाच्या मापांचे तक्ते समोर ठेवले आणि म्हणाले, मोजमापाला शास्त्र मानायचं असेल तर हे आकडे सांगतात की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. नाक दोघांचं एकच, तर अस्पृश्यता वंशातून आली हे खोटं.

आता त्या पोरीला.

बाई, या ऑपरेशनात काय होतं ते आधी ऐक. बहुधा पूर्ण भूल देतात. नाकपुडीच्या आतून, कधी दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर छेद घेतात. बसकं नाक वर उचलायला पडद्यातली, कानातली किंवा बरगडीची कूर्चा काढून घालतात. आठवडाभर नाकावर पट्टी. डोळ्यांखाली काळंनिळं, ते जायला दोनेक आठवडे. नाक चोंदलेलं. सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागतं. कातडी जाड असेल तर बारीक कोरीवपणा दिसत नाही. कधी दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं, कधी श्वासाचा नवाच त्रास मागं लागतो. जायचं तर प्लास्टिक सर्जरीची किंवा कान-नाक-घशाची रीतसर पदवी आणि या कामाचा हात असलेल्या डॉक्टरकडं जा. कुणा पार्लरवाल्याच्या भरवशावर नको.

तू करूच नको असं मी म्हणणार नाही. शरीर तुझं, पैसा तुझा. नाक मोडलंय, श्वास कोंडतोय, नाहीतर आरशात बघून तुलाच हवंसं वाटतंय, तर खुशाल जा. पण नाक बदललं की जात विचारणार नाहीत, या आशेवर जाणार असशील तर थांब. घरमालक खोली देताना नाक मोजत नाही. आडनाव विचारतो, गाव विचारतो, भिंतीवर फोटो कुणाचा ते बघतो. यातलं काहीच डॉक्टरच्या सुरीखाली येत नाही.

आपल्या जुन्या नावांच्या शेवटी 'नाक' असायचं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर तशी नावं कोरलेली आहेत. कुणी म्हणतात ते नायकापासून आलं, कुणी म्हणतात नागापासून. काही असो. वीट भाजणाऱ्या जातीच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आपलं दगडात आहे. पुढच्या रविवारी वर्गाला ये. रिस्लेचं सूत्र फळ्यावर लिहू आणि सगळ्यांची नाकं मोजू. माझ्यापासून सुरुवात करू.